निजवलेल्या खळ्याचा फोटो

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या बंदराबद्दल लिहायचा मला काही अधिकार आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी जे काही लिहिलं गेलं ते होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, होडीचं नाव, आणि तेही रंगाऱ्याकडून. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिला. त्यामुळे मला लिहिता येतं असं घरच्यांना वाटतं, आणि काही वर्षं मलाही वाटत होतं. दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या वार्षिक अंकासाठी गावाकडच्या आठवणी मागितल्या गेल्या तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. कारण आमच्या बंदरावर मी एकदा लिहिलेलं आहे. अठरा पानं, इंग्रजीत, टाइप केलेली. त्या पानांचं काय झालं हे सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सांगता येणार नाही, आणि ते सांगायचं तर बंदर कुठे आहे, कसं आहे, हे पुन्हा लिहावं लागेल. या वेळी सोबत फोटो जोडलेले नाहीत.

बंदर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे क्रेन आणि कंटेनर येतात. आमचं बंदर म्हणजे उत्तर कोकणातल्या एका खाडीचं तोंड. खाडी पूर्वेकडून येते, शेवटी एका बुटक्या टेकडीला वळसा घालते आणि समुद्राला मिळते. मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो आणि होड्या चिखलात कलंडून भरतीची वाट बघत बसतात. दक्षिणेला काळ्या खडकांचं खडप, उत्तरेला तिवरांचं रान. टेकडीच्या पायथ्याशी तीन आळ्या. दगडी धक्का एकच, आणि त्याच्या टोकाला जकातीची जुनी चौकी. तिचं छप्पर कधीच गेलं, भिंती मात्र अजून शाबूत आहेत. सरकारी नोटीस लावायची झाली तर त्याच भिंतीवर लावतात.

एके काळी इथून मीठ, भात, जळाऊ लाकूड आणि सुकी मासळी शिडाच्या पडावांतून मुंबईला जायची. पुढे आगबोट थांबू लागली. मग रस्ता झाला आणि आगबोट थांबायची बंद झाली. पूल झाला तो खाडीच्या बराच वर, त्यामुळे रस्त्याने येणारी माणसंही आमच्या अंगणातून जाईनाशी झाली. जकातीचा कारकून सगळ्यात शेवटी गेला. माझ्या आजोबांनी त्याची ट्रंक बैलगाडीपर्यंत पोचवली होती. गाडीत बसताना तो मागे वळून म्हणाला, की आता इथे काही उरलं नाही. ही गोष्ट आमच्याकडे विनोद म्हणून सांगतात, कारण तो हे म्हणाला तेव्हा त्याच्या नजरेसमोर खळ्यावर आळीतल्या झाडून साऱ्या बायका मासळी पसरत होत्या.

खळं म्हणजे धक्का आणि टेकडी यांच्यामधली सपाट जागा. देशावरच्या शेतकऱ्याचं खळं वेगळं; आमचं मासळी वाळवायचं. बाकी सगळं बंदर वर्षातून चार-सहा महिने झोपा काढतं असं म्हटलं तरी चालेल, पण ही जागा कामाची. टेकडीला तिथे खिंड आहे. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा त्या खिंडीतून खळ्यावर उतरतो, आणि दुपार होत आली की समुद्राचा खारा वारा समोरून येतो. बोंबलाला दोन्ही बाजूंनी वारा लागतो. एकाच बाजूने वाळला तर दुसऱ्या बाजूने कुजतो. आळीत वारा अडतो, वाळूवर मासळीला रेती लागते, गच्चीवर उन्हाने करपते. खळं दुसरीकडे हलवता येत नाही ते यामुळे. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात नव्हती. माझ्या अठरा पानांत ती होती, दोन आकृत्यांसह.

खळ्यावर जाड लाकडी खांब पुरतात, त्यांना मेढी म्हणतात. मेढींवर आडवे बांबू चढवून त्याची वलांडी करतात, आणि बोंबलांच्या जबड्यात जबडे अडकवून जोड्या तिच्यावर टांगतात. प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला. तो सासूकडून सुनेला जातो. पुरुषांचा त्याच्याशी संबंध नाही आणि कागदांचा तर नाहीच. सरकारी दप्तरात ती सगळी जागा पडीक म्हणून लागलेली आहे. आईचा पट्टा धक्क्याच्या बाजूने चौथा. पाचवा शेजारच्या काकीचा. आडवा बांबू एकटीला चढवता येत नाही. एक टोक आई धरायची, दुसरं काकी. मग काकीचा चढवायला आई. तेवढ्या वेळात दोघींची निम्मी आळी बोलून व्हायची.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यामुळे हे सगळं घडलं. पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे खळं निजवतात. असाच शब्द आहे. बांबू उतरवायचे, मेढी उपटून घरामागे नेऊन ठेवायच्या, आणि प्रत्येक मेढीच्या खड्ड्यात नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, घट्ट कोंबून वर वाळू सारायची, म्हणजे खड्डा बुजत नाही. त्यानंतर नारळी पौर्णिमेपर्यंत खळ्यावर काही ठेवायचं नाही. जाळं नाही, हातगाडी नाही, मोडकी टोपलीसुद्धा नाही. वर्षभराचं मीठ, खवले, किडे, वास, सगळं पावसाने धुऊन जायला हवं. मधल्या महिन्यांत तिथे पाचूसारखं गवत येतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, की दुसऱ्या दिवशी बायका अनवाणी खळ्यावर उतरतात आणि पायांनी आपापले खड्डे शोधतात. सोडणावर पाय पडला की जमीन जराशी दबते. आईला पहिला खड्डा सापडायला कधी मिनिटभराहून जास्त लागलेलं मी पाहिलेलं नाही. खळं रिकामं दिसतं तेव्हा त्याची निगा चालू असते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

दिल्लीला मी एम. ए. करायला आलो, भूगोलात. करोल बागेत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, त्यात आम्ही तिघं. दुसरे दोघे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, एक बीडचा, एक धुळ्याचा. माझं गाव समुद्राकाठी आहे म्हटल्यावर इथे सगळ्यांचा चेहरा उजळतो. यार, तू तो बीच पे रहता है. मी सुरुवातीला समजावत असे की पोहण्याचा समुद्र वेगळा आणि चिखलाचा वेगळा. नंतर हसून मान हलवायला शिकलो.

पहिल्या हिवाळ्यात बहिणीने घरून पार्सल पाठवलं. तांदळाची भाकरी इथे मिळत नाही म्हणून पीठ, आणि जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेले सुके बोंबील. आईने आपल्या वलांडीवरचे, निवडून. मी ते स्टोव्हवर भाजले. बीडचा मित्र नाक धरून म्हणाला, "कोकण्या, तुझं बंदर जिना उतरून गेलं बघ खाली." आम्ही हसत होतो तेवढ्यात घरमालक वर आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. खोलीत काही मेलंय का, एवढंच अगदी काळजीने विचारलं. मी पुडकं दाखवलं. त्यांनी ते बोटाने पुढे सरकवलं आणि सांगितलं की बेटा, हे घरात नको, इथे शरीफ लोक राहतात. मी सॉरी अंकल म्हणालो. तीन वेळा म्हणालो. नंतर पुडकं घेऊन खाली गेलो आणि कपड्यांच्या दुकानांमागच्या कचराकुंडीत टाकलं. आईने फोनवर विचारलं, कसे होते. मी म्हणालो, मस्त. त्या दिवसापासून सामान पाठवू नको असं सांगत राहिलो. कारण सांगितलं की वेळ मिळत नाही.

हे इथे लिहितोय कारण पुढे जे झालं ते नुसत्या अडाणीपणाने झालं, असं कुणाला वाटू नये.

दुसऱ्या वर्षी आषाढात जकातीच्या भिंतीवर नोटीस लागली. बंदराचा विकास होणार होता. पर्यटकांच्या बोटींसाठी नवा धक्का, आणि खळ्याच्या जागी गाड्या लावायला वाहनतळ. हरकती तीस दिवसांत दिल्लीच्या कार्यालयात पाठवायच्या होत्या. दिल्ली म्हटल्यावर सगळ्यांना मी आठवलो. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी स्वतः फोन केला. म्हणाले, आमच्यापैकी कुणाला चार ओळी धड लिहिता येत नाहीत, तू भूगोल शिकतोस, बंदराचं सगळं लिहून काढ, अगदी पहिल्यापासून. मग त्यांनी फोन बाबांकडे दिला. बाबा फोनवर जेवढ्यास तेवढं बोलणारे. त्या दिवशी ते बराच वेळ बोलत राहिले. दांडा कुठून कुठे सरकला, कुठल्या वर्षी टेकडीचा दगड धक्क्यासाठी काढला, देवळाचा कळस खिंडीत दिसला की होडी कुठे वळवायची. मी लिहून घेत होतो. शेवटी ते म्हणाले, "हे सगळं तुझ्याकडं दिलं आता. जपून लिव."

मी जपूनच लिहिलं. लायब्ररीत बसून जुनी गॅझेटियरं काढली. एका जुन्या खंडात आमच्या बंदरावर अर्धं पान सापडलं, त्यात बाहेर जाणाऱ्या मालात सुक्या मासळीचं नाव होतं. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला ते पान दाखवलं. मग मी प्रकरणं पाडली. भूरचना, वारे, भरती-ओहोटी, इतिहास, लोकवस्ती, सद्यस्थिती. मासळी वाळवण्याबद्दल चांगली चार पानं झाली, पण ती मी इतिहासात घातली, कारण गॅझेटियरचा आधार तिथे जोडता येत होता. आकृत्या वाऱ्यांच्या प्रकरणात गेल्या. सद्यस्थितीत उरलं ते एवढंच, की खळ्याची जागा अंदाजे किती आहे आणि चारी दिशांना काय आहे. हंगामी वापराचं एक वाक्य होतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आम्ही असंच लिहितो, आणि मला त्याला नेहमी चांगले गुण पडत आलेत.

मसुदा घेऊन मी आर. के. पुरमला गेलो. तिथे साताऱ्याकडचे एक अधिकारी राहतात, दुसऱ्याच खात्यात आहेत, पण महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना कागदपत्रांत मदत करतात. सरांनी सगळं वाचलं, दोन-तीन स्पेलिंग सुधारली, आणि म्हणाले की मजकूर उत्तम आहे, पण एवढं वाचायला तिथे कुणाला वेळ नसतो. फोटो लाव. जुने नको, चालू महिन्यातले, तारीख दिसेल असे. सरांचं काही चुकलं नाही. आमचं खळं त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलेलं होतं.

बहिणीला फोन केला. ती बारावीत होती. तिने आधी तिच्या फोनमधला एक फोटो पाठवला, आदल्या जानेवारीतला. फोटोत आई आहे, दोन्ही हात वर, वलांडीवर बोंबील अडकवतेय, पदर कमरेला खोचलेला, ब्लाउज काखेत उसवलेला. मागे काकी बांबू धरून उभी, तोंड उघडं, काहीतरी बोलतेय. पुढे प्लॅस्टिकच्या टोपल्या, एक कुत्रं, कावळे, आणि रांगेने टांगलेली मासळी पार जकातीच्या चौकीपर्यंत. मी तो बराच वेळ बघितला. मग बहिणीला सांगितलं, हा नको, हा गचाळ दिसतो. आता खळ्यावर जा आणि स्वच्छ फोटो काढ, माणसं नकोत.

थोड्या वेळाने आईचा फोन आला.

"आता कशाला फोटो काढतोस, बाला? खळं निजलंय."

मी सांगितलं की चालू महिन्यातलेच लागतात. आणि जागा नीट दिसली पाहिजे, बायका आणि बांबू नाही.

"बायका नाय दिसल्या तर खळं कशाचं?"

"आई, तुला ऑफिसातलं कळत नाही."

मग ती म्हणाली, "बरं. तू शिकलेला." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला आज सोपं गेलं असतं.

संध्याकाळी फोटो आले. पाऊस नुकता उघडला होता. हिरवंगार गवत, मागे टेकडी, वर धुतलेलं आकाश, कोपऱ्यात तारीख. एक काडी कुठे पडलेली नव्हती. मी त्यातले सहा निवडून रंगीत छापून घेतले. आर. के. पुरमला अंतिम प्रत दाखवायला गेलो तेव्हा सरांच्या पत्नीने, काकूंनी, चहा देता देता फोटो हातात घेतला.

"अगंबाई, किती छान मोकळं आहे रे तुमच्याकडे. आमच्या इथे बघ, स्कूटर लावायला जागा नाही."

त्यांची मुलगी, दिल्लीतच वाढलेली, खांद्यावरून वाकून म्हणाली की इथे तर कुणीच नाहीये. मी कौतुक म्हणून ऐकलं. घरमालकांना दाखवता येईल असं माझं गाव मला पहिल्यांदाच कागदावर दिसत होतं. तो जुना फोटो दुसऱ्या पानावर जोडता आला असता. खाली एक ओळ लिहिता आली असती. हे मला आता सुचतं.

हरकत वेळेत पोचली. नारळी पौर्णिमा झाली, बायकांनी खड्डे शोधले, मेढी उभ्या राहिल्या, हंगाम सुरू झाला. दिवाळीच्या थोडं आधी सुनावणीचं पत्र आलं. बाबा आणि चेअरमन येणार होते, पण मासळी जोरात होती आणि माझ्यावर सगळ्यांचा भरवसा होता. मी एकटा गेलो. इस्त्रीचा शर्ट, फाइल, पेनं दोन.

मला कुणी हाकललं नाही, ताटकळत ठेवलं नाही. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. माझी अठरा पानं त्यांच्यासमोर होती, बाजूला पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणजे वाचली होती.

"बहुत अच्छा लिखा है आपने. ज्योग्राफी के स्टूडेंट हैं?"

मी जी सर म्हणालो. माझे कान गरम झाले. मग त्यांनी शेवटची पानं उलटली.

"और ये फोटो? आपने ही लगाए हैं?"

"जी सर. मेरी बहन ने खींचे हैं."

"अच्छा. तो अभी यहाँ क्या होता है?"

त्या क्षणी सकाळचे अकरा वाजले होते. तिकडे मतलई पडून खारा वारा सुटायची वेळ. आई खळ्यावर उभी असणार, काकी दुसऱ्या टोकाला. हे एवढंच सांगायचं होतं. सर, अभी मेरी माँ वहाँ खड़ी है. माझ्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये तो गचाळ फोटो होता. मी फाइल उघडली आणि म्हणालो, "सर, पेज सेवंटीन पर है. सीज़नल यूज़."

त्यांनी सतराव्या पानावरची ती ओळ पाहिली, मान डोलावली, काहीतरी लिहिलं. आणखी काही सांगायचं आहे का, असंही विचारलं. मी म्हणालो, सब इसमें है सर, थँक यू सर. चहा मी पुरा प्यालो.

बाहेर येऊन घरी फोन केला. बाबांनी विचारलं, साहेब काय म्हणाला. मी म्हणालो, छान लिहिलंय म्हणाला. बाबांनी ते धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं. दोन दिवस मला बंदरावरून फोन येत होते. ज्या काकांनी मला लहानपणी पोहायला शिकवलं त्यांनी मला साहेब म्हणून हाक मारली, आणि मला ती गोड लागली.

त्यानंतर काही कळलं नाही. मी फोनवर विचारायचो, बाबा म्हणायचे, अजून काय नाय. होळी गेली. मे महिन्यात माझी शेवटची परीक्षा झाली. मी बंदरावरच्या निबंधाचंच पुढे काही करावं असं प्राध्यापक म्हणाले, म्हणून घरी न जाता करोल बागेतच राहिलो. वाळूचे दांडे कसे सरकतात यावर वाचत होतो. घरचे फोन आखूड होत चालले होते. आई जेवलास का विचारायची आणि फोन ठेवायची. मला वाटलं, मी मोठा झालो म्हणून.

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवसांनी मी सहज विचारलं, मेढी उभ्या राहिल्या का. आई म्हणाली, "जेवलास का?" मी पुन्हा विचारलं. तिने फोन बहिणीकडे दिला, आणि बहीण म्हणाली, दादा, उद्या करते.

दुसऱ्या दिवशी तिने घराबाहेरून फोन केला. निकाल होळीच्याही आधीच जकातीच्या भिंतीवर लागला होता. बाबांनी सगळ्यांना बजावलं होतं की त्याची परीक्षा होईपर्यंत त्याला कळता कामा नये. परीक्षा झाल्यावर मग कुणाच्या तोंडून शब्द निघेना. तिने त्या कागदाचा फोटो काढून ठेवला होता, तो पाठवला. हरकत फेटाळली होती. कारणांमध्ये माझ्या निबंधाचा उल्लेख आदराने केलेला होता. मासळी वाळवण्याचा व्यवसाय इथे पूर्वी चालत असल्याचं त्यावरून दिसतं, असं लिहिलं होतं. सध्या मात्र जागा मोकळी असून तिथे कोणताही वापर नाही, हे हरकतदारांनी स्वतः जोडलेल्या तारीख असलेल्या छायाचित्रांवरूनच स्पष्ट होतं. जकातीचा कारकून बोलून गेला होता ते आता कागदावर आलं होतं, आणि त्याखाली पुरावा म्हणून माझे सहा फोटो होते.

बाकीचं ती सांगत गेली. खळ्याभोवती पत्रे ठोकलेत. पावसाच्या आधी खळं निजवायलासुद्धा मिळालं नाही, मेढी मशिनने उपटल्या. वर मुरूम टाकून रोलर फिरवला. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बायका सवयीने अनवाणी गेल्या आणि पत्र्याबाहेर उभ्या राहून परत आल्या. आता आई ओली मासळी पहाटेच्या टेम्पोला घालते, टेम्पोवाला सांगेल त्या भावाने.

मी विचारलं, लोक मला काय म्हणतात.

बहीण म्हणाली की तुला कुणी काही म्हणत नाही. निकाल लागल्यावर सोसायटीत मीटिंग झाली होती. निजलेल्या खळ्याचे फोटो काढायची अक्कल कुणाची, असं कुणीतरी विचारलं. बाबा खाली बघत बसले होते. आई बायकांतून उठली आणि म्हणाली की माझी. पोरगा नको नको म्हणत होता, मीच पोरीला काढायला लावले, हिरवं छान दिसतं म्हणून.

तेव्हापासून काकी आईशी बोलत नाही.